बेटावर दोनच रात्री

येळ्ळूरला थोरल्याच्या घरी तिघं भाऊ कधी नव्हे ते एकत्र बसले होते. इंडोनेशियातली चार बेटं, बोटीनं एकावरून दुसऱ्यावर, शेवटी ज्वालामुखीवर चढाई. सगळं बिनभांडणाचं ठरलं.

"एका बेटावर दोनच रात्री. जास्त राहिलं की कंटाळा येतोय," थोरली सून स्वरूपा म्हणाली.

"पण अण्णा, तवर आई कुणाकडं?" धाकट्या किशननं विचारलं.

चंपाबाईला तिघांनी वाटून घेतलेलं. महिनाभर येळ्ळूर, महिनाभर निपाणी, महिनाभर बोरगाव. तिघंही मान खाली घालून मोबाईल बघत बसले.

येळ्ळूरचा महिना संपला म्हणून कोपऱ्यात चंपाबाई पिशवी भरत होती. भरलेली लुगडी तिनं परत बाहेर काढली.

"जावा रं निवांत. आठ दिस तरी मी कुणाच्या वाट्याला न्हाय."