एक बोट जास्त

"एवढी बाही दुमडली की झालं," धाकटी म्हणाली आणि पुन्हा मशीनवर वाकली.

थोरली समोर बसून काजं करत होती. आईला जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि आईच्या शिवणाच्या खोलीत आता एकच काम उरलं होतं. टपाल कचेरीतल्या एका बाईचा राखाडी कोट. बाकीचे कपडे दोघींनी ज्याचे त्याला पोचते केले होते. घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही, हा आईचा कायदा. ती गेली म्हणून काय तो मोडायचा?

थोरली आणि धाकटी ही नावंही आईचीच. ती हाक मारायची तशीच जुनी गिऱ्हाइकंही मारायची.

घरातला कर्ता पुरुष सकाळीच बाहेर पडला होता. शनिवारी थोरली येणार म्हटलं की त्याला कुठलं तरी काम हमखास आठवायचं. इतक्या वर्षांत त्यावर कुणी काही बोललं नव्हतं.

थोरलीचं आज काजात लक्ष नव्हतं. आई गेली की माहेर संपतं, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! पण थोरलीला दुसरं माहेर नव्हतंच. बारा वर्षं दर शनिवारी ती या खोलीत येत होती. आज हा कोट गेला की यायला निमित्त उरणार नव्हतं. 'पुढच्या शनिवारी येऊ का?' एवढंच विचारायचं होतं, पण सकाळपासून ते जमलं नव्हतं. आणि धाकटी तर मशीनवरून मान वर काढत नव्हती.

"ताई, आईची कात्री तुम्ही न्या," मध्येच धाकटी म्हणाली. "तुमच्या हाताला बसते ती."

"बरं," थोरली म्हणाली. आठवण म्हणून वस्तू हातात ठेवली की पाहुण्याने उठायचं असतं, एवढं तिला कळत होतं. ही बोळवणच.

काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "मला आईने पहिल्यांदा शिवायला बसवलं ना, तर मी स्वतःचीच बाही गिऱ्हाइकाच्या कोटाला शिवून टाकली."

"अय्या! मग?"

"मग काय, पोट धरून हसली. म्हणाली, आता कुठे जातेस? अडकलीस इथेच."

धाकटीने नाक ओढलं. "माझ्याशी नाही हो एवढं हसायची. माझी शिवण उसवायला लावायची. तीन-तीनदा."

"तुझ्यावर भिस्त होती म्हणून. माझ्याशी नुसत्या गप्पा. मला म्हणायची, तू माझी मुलगी कुठली, तू तर माझी मैत्रीण."

आणि ते खरंच होतं. थोरलीचा संसार मोडला तेव्हा सगळ्या गोतावळ्याने तिच्या नावाने बोटं मोडली होती. बाईने थोडं सोसावं, जरा तोंड आवरावं, वगैरे वगैरे. आई तेवढी ताडकन उठली होती. "पुरे झालं! ही माझी आहे. तू शनिवारी येत जा गं, मी चहा ठेवते." बस्स, एवढंच बोलली. त्या चहाच्या आधाराने थोरली तगली. आईची आठवण आली की तिला अजून जेवण जात नसे.

तेवढ्यात कोटवाली बाई आलीच. "झाला का हो?" म्हणत तिने कोट चढवला आणि आरशासमोर उभी राहिली. बाह्या थेट बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या.

"अगं बाई! माझे हात कुठे गेले?"

थोरलीने घाईघाईने वही काढली. आईच्या अक्षरात 'बाही बावीस इंच' लिहिलं होतं. "मी वहीपेक्षा एक बोट खाली खूण केली," ती म्हणाली.

"तुम्ही पण?" धाकटीचे डोळे मोठे झाले. "मी खुणेच्या खाली एक बोट सोडून दुमडलं!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एकदम खदाखदा हसत सुटल्या. बाही मापापेक्षा एक बोट जास्त ठेवायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, ही आईची रीत. मापाला माणूस गप्प उभा असतो, म्हणायची, जगताना कोण गप्प उभं राहतंय? ही रीत तिने दोघींनाही शिकवली होती, आणि दोघींनीही इमानाने पाळली होती. हसता हसता धाकटीने तोंडावर हात घेतला. थोरली उठून तिच्याजवळ गेली, आणि मग दोघींनाही रडू आवरेना.

टपालवाली बिचारी लोंबत्या बाह्या घेऊन उभी. "असू द्या हो," ती म्हणाली. "थंडीच आहे. हात झाकलेले बरे."

धाकटीने डोळे पुसले आणि बाहीला टाचण्या लावायला घेतल्या. "नाही, नीटच करून देऊ. पुढच्या शनिवारी या. बाह्या ताई करतील."

"त्या असतील ना पण?"

"म्हणजे काय! शनिवारी त्या इथेच असतात. कायमच."

थोरलीने सुई उचलली आणि दोरा ओवायला घेतला. तिच्या जिवात जीव आला होता.

टपालवालीने दोघींकडे कौतुकाने पाहिलं. "आई गेल्यावरही माहेरचं दार उघडं ठेवणारी भावजय मिळायला भाग्य लागतं बाई. नणंद-भावजय ना तुम्ही?"

"छे हो," शेवटची टाचणी लावत धाकटी म्हणाली, "यांनी सोडलेल्या नवऱ्याशी मी लग्न केलं. सासू मात्र यांनी सोडली नाही."