आईच्या आठवणींची मोजदाद

आईचं तेरावं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी शर्वाणी आणि तिची धाकटी बहीण ऋजुता आईनं आपल्या आठवणी जिथे साठवून ठेवल्या होत्या, त्या सांगलीच्या स्मृतिकोष केंद्रात पडद्यासमोर बसल्या. अंथरुणाला खिळलेल्या आईचं बारा वर्षं सगळं शर्वाणीनं केलं होतं; ऋजुता टोरांटोहून नुसते फोन करायची. येताना रिक्षातच, आईचा जीव कुणावर जास्त होता यावरून, दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

"आईच्या मनात कोण होतं, ते आता हाच सांगेल," म्हणत शर्वाणीनं पडद्यावरच्या मदतनीसाला विचारलं, "आईच्या कोषात आम्हा दोघींच्या आठवणी किती?"

"ऋजुता, नऊ हजार सहाशे तीस. शर्वाणी, एकेचाळीस."

ऋजुताला हसू दाबता आलं नाही. शर्वाणीचं डोकं भणभणलं. "माझ्या बाकीच्या कुणी पुसल्या?" ती ओरडली.

"तुमच्या आईंनी स्वतः. कोष भरला, की त्या तुमच्या आठवणी काढून जागा करायच्या. म्हणायच्या, शर्वाणी रोज डोळ्यांसमोर असते, तिला कशाला साठवायचं?"

"बघ ताई, किती जीव होता तिचा तुझ्यावर," ऋजुता म्हणाली.

"तू नको मला समजावूस!" शर्वाणी पुन्हा मदतनीसाकडे वळली. "त्या एकेचाळीसही पुसून टाक."

"दोन्ही वारसांचे अंगठे लागतील."

ऋजुतानं झटकन हात पाठीमागे घेतले.

"नऊ हजार तुझ्या," शर्वाणी दातओठ खात म्हणाली, "आणि माझ्या एकेचाळिसांवरही तुझाच हक्क?"

ऋजुता रडू लागली, पण तिनं हात काही पुढे केला नाही. मग तिची वाट न बघता शर्वाणी एकटीच घरी निघाली.