बिनशेपटीचा गेको

"हात पुढे कर आणि हलू नकोस," दुकानवाली म्हणाली आणि तिनं ते जनावर नातीच्या तळहातावर ठेवलं.

आजी दोन पावलं मागं सरली. जन्मभर जिला झाडूनं हाणून घराबाहेर काढलं, त्या पालीचीच ही भावकी. फक्त डोळ्यांवर काट्यांची झालर लावून काचेच्या महालात राहायला आलेली.

"याला क्रेस्टेड गेको म्हणतात," दुकानवालीनं सांगितलं. "पापण्या नसतात. डोळा मळला की स्वतःच्या जिभेनं चाटतो."

"शी! असलं ध्यान माझ्या घरात चालायचं नाही," आजी बोलून गेली. मग तिला रविवार आठवला आणि तिनं आवाज उतरवला. "म्हणजे, चालेल. होईल सवय."

रविवारला चार दिवस उरले होते.

रविवारी तिचा मुलगा येणार होता. बायको गेल्यावर दोन वर्षांची पोर त्यानं आईच्या ओटीत टाकली, त्याला आठ वर्षं झाली. आता दूरच्या शहरात दुसरा संसार थाटल्यावर साहेबांना बापपण आठवलं होतं, पोरीला तिकडे न्यायचं होतं. "तिलाच विचारू," तो फोनवर म्हणाला. "ती म्हणेल तसं." पोरीनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "थोडे दिवस द्या," एवढंच बोलली. तेव्हापासून आजीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"राहा गं माझ्याजवळ." तीनच शब्द, पण ते तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मरणाऱ्या नवऱ्यालासुद्धा तिनं थांबा म्हटलं नव्हतं. विनवण्या तिला जमत नसत, डाव टाकणं जमे. नवी सून जनावरांना टरकते, त्या घरात मांजरालाही बंदी, हे मुलाच्याच तोंडून निसटलं होतं. त्याच संध्याकाळी आजीनं पोरीला विचारलं, "काय गं, एखादं जनावर पाळतेस का?"

पोर दोन दिवस विचार करत बसली. कुत्रा नको, त्याला फिरवावं लागतं. मांजर नको, ते पायात येतं. मग म्हणाली, "गेको."

आळशी आहे कार्टी, असं आजीला वाटलं. पण तोंड मिटून, कठडा धरून ती या दुकानाच्या पायऱ्या चढली होती.

"हे पिल्लू घे की," ती आता म्हणाली. "कसं टुणटुण उड्या मारतंय. तुझ्याबरोबर मोठं होईल."

"नको, ते पळून जाईल. शांत कुठला आहे?"

दुकानवालीनं कोपऱ्यातल्या काचपेटीकडे बोट केलं. आत तांबूस रंगाचा एक मोठा गेको फांदीला चिकटून होता. कमरेखाली नुसतं टोक, शेपूट नव्हतंच.

"घाबरला की टाकून देतो. घरच्या पालीला फुटतं, याला परत येत नाही."

"दुखतं का त्याला?" पोरीनं विचारलं.

"थोडे दिवस. मग त्याच्यावाचून राहायला शिकतो."

पोर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "हाच."

"अगं, मोडका कशाला घेतेस!"

"चावतो का?" पोरीनं आजीकडे लक्षच दिलं नाही. "आवाज करतो? जिवंत किडे द्यावे लागतात?"

"नाही गं. तयार पूड मिळते, पाण्यात कालवायची. संध्याकाळी पेटीत पाणी फवारायचं. फार उकाड्यात ठेवायचा नाही, बस."

"पेटी पुढून दार उघडणारी द्या. वरचं झाकण जड असतं."

दुकानवालीनं माहितीचा छापील कागद काढला आणि आजीपुढे धरला. "तिच्याकडे द्या," आजी म्हणाली. "मला त्यात नुसत्या मुंग्या दिसतात." पोरीनं कागद घेतला आणि दप्तरातली वही काढून वाटी, चमचा, फवारा असली चित्रं काढत बसली. एवढी दहा वर्षांची घोडी झाली, तरी चित्रं!

"किती वर्षं जगतं हो हे?" आजीनं हळूच विचारलं.

"नीट सांभाळलं तर पंधरा. वीससुद्धा."

आजीच्या छातीवरचा दगड हलला. वीस वर्षं! तोवर ती स्वतः कुठली असायला. पोरीच्या पायात वीस वर्षांची बेडी पडत होती आणि ती बेडी जिभेनं डोळे चाटत होती.

पण दुकानवालीनं पेटीवरचा हात काढला नाही. "एक विचारते, राग मानू नका. मुलं हौसेनं नेतात आणि महिन्याभरात परत आणून देतात. घरात याच्याजवळ माणूस कायम असेल ना? असेल तरच देते."

आजीनं नजर पेटीवरच ठेवली. ती नातीकडे बघायलाही धजली नाही.

"असेल," नात म्हणाली. "कायम असेल."

आजीनं पदर डोळ्यांना लावला आणि दुकानात धूळ फार आहे म्हणून दुकानवालीला दोन शब्द सुनावले.

घरी पोरीनं पेटी बाहेरच्या खोलीत, आजीच्या खुर्चीसमोर मांडली.

"तुझ्या खोलीत ने की."

"इथं गारवा आहे."

मग तिनं आजीला पूड कालवायला लावली. पातळ झाली म्हणून पुन्हा कालवायला लावली. आजी कुरकुरली, पण मनातून खूश होती. एवढा जीव लावणारी पोर आता हे टाकून जाते कुठे? गेकोनं आजीचं बोट चाटलं, तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही.

हात धुऊन पोरीनं फोन उचलला.

"बापाला करतेस?" आजीनं विचारलं. पोरीनं मान हलवली. "कर, कर. काय ते स्पष्ट सांग. उगाच भीड धरू नकोस."

पलीकडून फोन उचलला गेला. आजी खुर्चीत ताठ बसली.

"बाबा, रविवारी या," पोर म्हणाली. "मी येते. आजीला सोबत मिळाली."