जुनी फूट

“कोपरा फुटलेला फोन वॉरंटीत बसत नाही, ताई,” काउंटरवरचा माणूस म्हणाला. त्याची नजर फोनवरच होती.

“पण बंद पडला तो त्यामुळे नाही. ही फूट जुनी आहे,” ती म्हणाली.

त्याने फोन पालथा केला. मागच्या काचेच्या एका कोपऱ्यातून बारीक रेघा पसरल्या होत्या. त्यावर कुणीतरी पारदर्शक चिकटपट्टी लावली होती, कडा कात्रीने गोल कापून.

“बिल?”

तिने पिशवीतून बिल काढलं. घडीवर विरलेलं. वॉरंटीचं वर्ष संपायला अजून दोन महिने बाकी होते.

“बिल आईच्या नावावर आहे,” ती म्हणाली. “ती गेली. महिना झाला. सही मी केली तर चालेल?”

“चालेल,” तो लगेच म्हणाला.

“अहो दादा, आमचाही नंबर येऊ द्या की!” मागच्या खुर्चीवरून हातातलं टोकन हलवत एक टकलू काका ओरडले. “फोन दुरुस्त व्हायचा आणि आम्ही भंगारात निघायचो!”

दोन-चार जण हसले. “बसा काका, बोलावतो,” असं म्हणून त्याने फॉर्म पुढे ओढला. “तुटफुटीचं कारण लिहावं लागतं. कसा पडला होता?”

“आई फोन लावत होती. पलीकडून कट केला. हातातून निसटला.”

पेन थांबलं. “इथे जागा एकाच शब्दाची आहे.”

“मग ‘निसटला’ लिहा.”

त्याने लिहिलं. “त्यानंतर चालत होता?”

“आठ महिने व्यवस्थित. रोज संध्याकाळी आई तोच नंबर लावायची. कट झाला की आम्हालाच समजवायची, कामात असेल गं, दमला असेल.”

चार्जरची वायर जोडून त्याने पाहिली. पडदा काळाच राहिला.

“शेवटच्या आठवड्यात तिने यात बोलून ठेवलंय,” ती सांगू लागली. “माझ्या भावासाठी. तीन मिनिटं. मला म्हणाली, माझा शब्द त्याच्या कानी पडला की मी सुटले. तो आला की ऐकवायचं, म्हणून मी रोज चार्ज करून ठेवत होते. परवा सकाळी बघते तर हा असा.”

“तुम्ही ऐकलं नाही?”

“माझ्यासाठी नव्हतं ते.”

वायर काढताना त्याच्या हाताला जरा वेळ लागला. “गेल्याचा निरोप उशिरा मिळाला असेल त्याला.”

“वेळेवर मिळाला. आणि उशिरा आला असता म्हणून काय झालं, दादा? दार उघडंच होतं. आम्ही काय टोकन देणार होतो?”

त्याने चष्मा काढला आणि पडदे पुसायच्या फडक्यानेच पुसला. “घरचं राहू द्या, ताई. मशीनचं बोलू.”

“मशीनचंच बोलतेय. तुम्ही नाकारलंत तर फोन न उघडता परत देणार ना?”

“तसा नियम आहे.”

“आणि घेतलात तर?”

“तर उघडायचा. बोर्ड गेला असेल तर सगळंच गेलं. नुसती बॅटरी असेल तर आतलं शाबूत राहतं. आधी कसं सांगणार?”

“आधी नका सांगू. न उघडता नाही म्हणू नका, एवढंच म्हणणं आहे.”

“अहो, बघा की दादा!” काकांनी पुन्हा तोंड घातलं. “बाहेरून तडा गेला म्हणून आतलं मेलं, असं थोडंच असतं? तसं असतं तर आमच्या हिने मला कधीच परत केलं असतं!”

या वेळी तीसुद्धा हसली. हसता हसताच तिने पदराने डोळे टिपले.

त्याने भिंग घेतलं. कोपऱ्यावर दिवा धरून एकेक रेघ कुठवर गेली आहे ते पाहिलं. सिमकार्डाचा कप्पा ओढून आतली खूण पाहिली. पाणी गेलं की ती लाल होते. पांढरीच होती. तेवढ्यावर तपासणी संपायला हवी होती, पण त्याने फोन तळहातावर तसाच धरून ठेवला. चिकटपट्टीच्या गोल कापलेल्या कडेवरून त्याचा अंगठा फिरला.

मग त्याने फॉर्मवर ओळ लिहिली. तिने ती उलट्या बाजूने, एकेक अक्षर लावत वाचली : फुटीचा बिघाडाशी संबंध नाही.

“वरचे साहेब विचारतील तुम्हाला,” ती म्हणाली.

“मी देईन उत्तर.”

त्याने फोन फोमच्या पाकिटात घातला. दोन्ही हातांनी, तापातल्या लेकराला पांघरूण घालावं तसा. पिवळी पावती ओढली.

“आठ दिवस लागतील. न्यायला जो येणार त्याचंच नाव पावतीवर लागतं. दुसऱ्या कुणाच्या हातात आम्ही देत नाही.”

“माझा भाऊ नेईल.”

“येईल तो?”

“ते आता त्याच्यावर आहे.”

त्याने पेन कागदावर टेकवलं. मान खालीच होती.

“नाव?”

ती काउंटरवर वाकली. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिने आवाज खाली आणला.

“तुझं नाव तुलाच सांगू का रे, दादा?”