वेगळी गाडी

"माणसानं बायको गावातली करावी, गाडी मात्र परमुलखातलीच घ्यावी," असं म्हणून आर्व्हिड टोलेफसननं बटण दाबलं. परमुलखातल्या गाडीनं 'टिक्' केलं आणि ती गप्प झाली.

गावातली बायको शेजारी बसली होती. लव्हॉनच्या मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता आणि खोक्यात बाप्तिस्म्याचा झगा. आर्व्हिडच्या आजीपासून घराण्यातलं प्रत्येक मूल त्याच झग्यात चर्चला गेलं होतं. आज नातवाची पाळी. अकरा वाजता, बिस्मार्कला, म्हणजे इथून दोन तासांवर.

"पुन्हा दाब," ती म्हणाली.

टिक्.

बाहेर पारा शून्याखाली पंचवीसवर होता. गाव पेट्रोल पंपावर कॉफीला आलं होतं आणि गावाच्या गाड्या भिंतीशी ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीच्या नाकातून एक वायर निघून भिंतीतल्या प्लगात गेलेली; गोठ्यात दाव्याला गाई बांधाव्यात तशी. नॉर्थ डकोटात इंजिनाला रात्रभर वीज पाजावी लागते, नाहीतर ते सकाळी उठत नाही.

आर्व्हिडची गाडी ॲरिझोनाची. तीन वर्षांच्या लीजवर, म्हणजे भाडेकरारानं घेतलेली, गावातल्या डीलरपेक्षा स्वस्तात. लीजमध्ये मैल मोजून मिळतात, ते वाटेत उधळायला नकोत म्हणून तिला ट्रकच्या पाठीवर बसवून आणलं होतं. ट्रक कबूल केल्यापेक्षा बराच उशिरा, काल संध्याकाळी उगवला. तो आर्व्हिडच्या गल्लीत वळेना, म्हणून गाडी पंपावरच उतरली. जुनी गाडी आर्व्हिडनं आधीच विकून टाकली होती. दूरदृष्टी म्हणून.

ट्रकवाल्यानं आपल्या बॅटरीच्या तारा जोडून पाहिल्या होत्या. इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट झालेलं, ते हलेना. आता तो पातळ जॅकेटात कुडकुडत, कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून खिडकीशी आला.

"काका, तिकडं ॲरिझोनात, टूसॉनला तर एका झटक्यात सुरू झाली होती हो."

"टूसॉनला माझे गुडघेसुद्धा एका झटक्यात सुरू होतात. हिची वायर कुठाय?"

"कसली वायर?"

आर्व्हिड खाली उतरला. हातमोजा काढून त्यानं गाडीचं नाक चाचपलं. गुळगुळीत. वायर नव्हतीच. आतल्या गाद्यांतून गार वारं सोडायची सोय मात्र होती, आणि त्या सोयीचे त्यानं गावभर गोडवे गायले होते.

"बुडाला गारवा आणि इंजिनाला ऊब नाही," लव्हॉन आतून म्हणाली. "पोराला काय नागडं न्यायचं पाद्रीबाबांपुढं?"

तेवढ्यात ड्वेन स्लेटन आला. तोच तो गावातला डीलर. त्याला आर्व्हिडनं याच पंपावर, चारचौघांत, लुटारू म्हटलं होतं. अंगात चर्चचा कोट, डोक्याला कानटोपी. त्यानं गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. वायर असते त्या जागी जरा जास्त वेळ थांबला. त्यानं सरळ शिवी हासडली असती तरी आर्व्हिडला चाललं असतं.

"वेगळी आहे," ड्वेन म्हणाला.

आमच्याकडं कुणी कशाला वाईट म्हणत नाही. आळणी रस्सा, पळून गेलेली सून, जळालेलं कोठार, सगळं 'वेगळं' असतं. त्यापुढची शिवी अजून कुणाला सुचलेली नाही. आर्व्हिडचे कान लाल झाले. थंडीनं झाले, असं तो नंतर सांगायचा.

ड्वेननं खिशातून किल्ली काढली आणि रस्त्यापलीकडच्या आपल्या दुकानाकडं हनुवटी उडवली. "ती करडी घेऊन जा. तू नको म्हणालास तीच."

"आज रविवार आहे. रविवारी तुला गाडी विकता येत नाही. कायदा आहे."

"विकतंय कोण? पोराला झगा घालून या. मैल मी मोजत नाही."

आर्व्हिडनं घसा खाकरला. त्याला बरंच काही बोलायचं होतं. तो रस्ता ओलांडून गेला, करड्या गाडीच्या टपावर हात ठेवला, आणि म्हणाला, "वाईट नाही."

याहून मोठं कौतुक आमच्याकडं फक्त मयताचं होतं.

करडी पहिल्याच झटक्याला गुरगुरली. गाद्या गरम होऊ लागल्या. लव्हॉननं खोका मांडीवर नीट घेतला. पंपाच्या काचेआड अख्खं गाव हातात पेले घेऊन उभं होतं. आर्व्हिडनं पाठ ताठ केली, तिकडं अजिबात न बघता गिअर टाकला, आणि काचेवर टकटक झाली.

ड्वेन होता. आता येणार, आर्व्हिडला वाटलं. आता तो लुटारूचा हिशेब चुकता करणार. त्यानं काच बोटभर खाली घेतली.

"आर्व्हिड," ड्वेन हळूच म्हणाला, "निघायच्या आधी भिंतीतली तेवढी वायर काढ ना. दुकानाची आहे."