नाहीबुवांचा होकार

"हात लावू नका त्या दांड्यांना!"

नाहीबुवा ओरडले, पण तोवर उशीर झाला होता. समोरच्या गृहस्थांनी एका हाताने पितळी दांडी धरून दुसऱ्या हाताने हँडल फिरवलंही होतं. "आई गं!" करून ते मागे सरले.

सोबत आलेली त्यांची वहिनी तोंडावर हात धरून हसली. "झटका अजून तसाच बसतो. आमच्या यांनी पहिल्यांदा मला दिला होता तेव्हा चहाचा कप फुटला होता."

नाहीबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विजेची जुनी यंत्रं ओळखायची, अस्सल कुठलं आणि परवा-तेरवा बनवून काळं केलेलं कुठलं ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. बहुतेकांना "नाही बुवा, हे नवं आहे" एवढंच ऐकून परतावं लागे, म्हणून बाजाराने ठेवलेलं हे नाव. समोरच्याचं तोंड बघून त्यांनी निकाल फिरवला, असं कधी झालं नव्हतं. शत्रूही हे मान्य करत.

त्यांनी डबा दिव्याखाली ओढला. लाकडी पेटी, आत तांब्याच्या तारेचं जाडजूड वेटोळं, काचेची नळी, बाजूला हँडल. अंगदुखीवर म्हणून पूर्वी लोक असले झटके मुद्दाम घेत. पण हे यंत्र नेमकं तसंही नव्हतं. काचेची नळी कशाला, ते काही त्यांच्या लक्षात येईना.

"यांना जाऊन वर्ष होत आलं," वहिनी म्हणाली. "आमच्या दोघांत यावरून वाद आहे. भाऊजी एक म्हणतात, मी एक म्हणते. तुम्ही सांगाल ते दोघांनी मानायचं, असं ठरवून आलोय."

"एकदाचा निकाल लावा," भाऊजी बोटं चोळत म्हणाले. "वहिनींना झोप लागत नाही यापायी."

"नाहीच लागत," ती म्हणाली. "यांची एवढी एकच वस्तू मी जपलीय हो."

बुवांनी भिंग डोळ्याला लावलं. पहिल्या मिनिटालाच चोर सापडला. "हा स्क्रू बघा. डोक्यावर फुलीसारखी खाच आहे. ज्या काळातलं हे यंत्र दिसतंय, त्या काळात असले स्क्रू नव्हतेच. एकच आडवी खाच असायची."

आता चेहरा पडणार, असं त्यांना वाटलं. पण बाईचा चेहरा उजळला. "हो का? आणखी काय काय नवं आहे? नीट बघा हं!"

बुवा गोंधळले. उसनं अवसान असेल बिचारीचं.

"लाकूड मात्र जुनं आहे," ते सांभाळून म्हणाले. "चांगलंच जुनं."

तिचे डोळे एकदम भरून आले. भाऊजींनी नुसती मान हलवली.

अच्छा, असं आहे तर! बुवांना उलगडा झाल्यासारखं वाटलं. जुनं म्हटल्याबरोबर बाईला रडू फुटलं. केवढी आस लावून बसलीय!

त्यापुढे जे दिसलं ते त्यांनी मनातच ठेवलं. लाकूड जुनं होतं, पण ते कपाटाच्या खणाचं. किल्लीचं भोक बुजवल्याची खूण दिसत होती. तारेवर वरून सुती दोरा, आत चक्क प्लॅस्टिक. पितळ औषध लावून काळं केलेलं, नाहीतर हाताने धरायच्या जागी ते घासून चकाकायला हवं होतं. थोडक्यात, बनावट. घरगुती बनावट.

एक गोष्ट मात्र काही केल्या पटेना. फसवणारा माणूस बाहेरून चकाचक करतो, आत कोण बघतंय म्हणून सोडून देतो. इथे आतली तारन् तार दोऱ्याने बांधलेली, गाठी एकसारख्या. झाकणाखाली जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथेही पॉलिश! एवढा जीव ओतून कुणाला फसवायचं होतं या बाबाला? बुवांचं डोकं चालेना.

मागच्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याला त्यांनी "नाही बुवा" म्हटलं, तर तो दारातच मटकन बसला होता. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली होती, "एखाद्याला हो म्हटलं असतं, तर काय जीभ झडली असती?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "आपल्या पणजोबांच्या काळचं, कारखान्यात बनलेलं. स्क्रू तेवढे नंतर कुणीतरी बदललेत."



"नक्की?" वहिनीने विचारलं. "तुमचा शब्द फिरत नाही म्हणतात."

"नाही फिरत," बुवा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा एवढं खोटं बोलून त्यांना फार हलकं वाटत होतं.

भाऊजींनी सुस्कारा सोडला. "मी सांगत नव्हतो, वहिनी? दादाला साधा फ्यूज बदलता येत नव्हता. प्रदर्शनात तुम्हाला तसलं यंत्र आवडलं, तर म्हणे मी स्वतःच्या हातांनी हुबेहूब करून देतो! जुन्या बाजारातून उचललं असणार. जाऊ द्या. लग्नाच्या वाढदिवसाची थाप समजा आणि सोडून द्या."

वहिनी डब्याकडे बघत राहिली. मग तिने बुवांकडे मान वळवली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"मग हे बनवायला म्हणून वर्षभर रोज संध्याकाळी घराबाहेर पडायचे, ते कुणाकडे जायचे हो?"