नववी ‘ब’च्या पालकांसाठी

“‘संबंधितांवर’ म्हंजे कुणावर?” हंबीरराव खराड्यांनी मोबाइल मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आपटला. “नाव घाला की. कुणाला भ्यायलाय?”

मोबाइलवर नववी ‘ब’च्या पालकांचा ग्रुप उघडा होता. सकाळी आठला शाळेची सूचना आली होती. वर्गातील एका विद्यार्थिनीच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटे खाते उघडून बदनामीकारक मजकूर टाकण्यात आला आहे. चौकशी पूर्ण झाली असून संबंधितांवर कारवाई होईल. पालकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. खाली सत्तेचाळीस जणांचे अंगठे. त्या ग्रुपवर शाळेशिवाय कुणाला लिहिता येत नसे, नाहीतर हंबीररावांनी तिथंच लिहिलं असतं.

“खराडे साहेब, बसा. आधी माझं ऐकून घ्या,” लीला देशपांडे म्हणाल्या. शाळेतली ही त्यांची शेवटची दोन वर्षं.

“ऐकायला न्हाई आलो. बोलायला आलोय.”

काल संध्याकाळी वर्गशिक्षिकेचा फोन आला, तेव्हा ते दूध संघाच्या बैठकीत होते. खोट्या खात्याच्या प्रकरणात क्रांतीचे पालक म्हणून उद्या अकराला या, एवढंच बाई बोलल्या. पुढचं ऐकायला हंबीरराव थांबलेच नाहीत. घरी येऊन बघतात तर पोरगी खोलीला कडी लावून बसलेली. दाराबाहेरून त्यांनी विचारलं, “शाळंतलं ते खात्याचं, तेच हाय न्हवं?” आतून नुसतं रडणं आलं. त्यांना तेवढं पुरलं. रात्रभर ते सोप्यात येरझाऱ्या घालत होते.

ऑफिसात भिंतीकडेच्या बाकावर आणखी एक पालक बसला होता. पिराजी त्याचं नाव. इचलकरंजीतल्या यंत्रमागावरून रात्रपाळी करून तो तसाच आला होता. केसांत, खांद्यांवर कापसाची तुसं होती. हंबीरराव आत आले तेव्हा तो उठून उभा राहिला होता आणि हात जोडून परत बसला होता. तो उठला, हात जोडले, यावरूनच हंबीररावांनी काय ते ओळखलं.

“हे व्हय ते?” त्यांनी बोट दाखवलं.

“हे पिराजी. यांनाही मीच बोलावलंय. खराडे साहेब, मी म्हणत होते...”

“थांबा ओ म्याडम.” हंबीरराव बाकाकडं वळले. “काय पावणं? लेकरू कुठाय?”

“घरात हाय,” पिराजी म्हणाला. “दोन दिस झालं, जेवलं न्हाय.”

“जेवंल कसं? तोंड दाखवायला जागा पायजे की! मोबाइल कुणी घेऊन दिला?”

“मीच. अभ्यासासाठनं.”

“अभ्यास! बघितला न्हवं अभ्यास? रातीचं तुमी मागावर, आन् घरात पोरं मोकाट. वळण लावायचं कुणी? शाळंनं?”

पिराजीनं मान खाली घातली. ते हंबीररावांना जास्तच झोंबलं.

“शाळेच्या ग्रुपवर मुलांची नावं घालत नाही आम्ही,” लीलाबाई मध्ये पडल्या. “चौदा वर्षांचं वय. नियमही तसाच आहे.”

“नियम?” हंबीररावांनी लगेच फोन लावला. संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह आणि ते एकाच तालमीत घाम गाळलेले. दोन मिनिटं बोलून त्यांनी फोन लीलाबाईंच्या हातात दिला. त्या पलीकडचं ऐकत राहिल्या. “साहेब, आधी प्रकरण तरी...” एवढं म्हणाल्या, आणि मग “बरं” म्हणून फोन परत दिला.

“काय म्हणाले अध्यक्ष?”

“खराडे म्हणतील तसं करा, म्हणाले.”

“मग घ्या लिहून.” हंबीरराव प्रथमच खुर्चीत टेकले. “नाव. बापाचं नाव. आडनाव. शाळंतनं काढून टाकल्यालं हाय म्हणून. दाखल्यावर लाल शेरा मारणार, ते बी लिहा.”

लीलाबाईंनी चष्मा लावला. आपल्या मोबाइलवर एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत त्या लिहीत राहिल्या. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, “क्रांतीनं घरी काय सांगितलं तुम्हाला?”

“काय सांगणार? रडतीया. दार उघडंना. तुमी लिहा.”

“म्याडम,” पिराजी बाकावरूनच म्हणाला, “नाव नगासा घालू. मी सकाळीच बोललोय तुमास्नी. एकदा नाव लागलं की पुसत न्हाय. लेकरूच हाय वो.”

“तुमी गप बसा!” हंबीरराव उठले. खुर्ची मागच्या कपाटावर जाऊन आदळली. “तुमी न्हाई तर कोण म्हणणार नाव नगो? गुन्हा करायचा, वर बापानं येऊन पदर पसरायचा! म्याडम, ह्यात मतं घ्यायची न्हाईत. जिच्या नावानं घाण केली, त्या पोरीचा बाप सांगंल तसं व्हईल. ठेवा म्हणाला तर नाव ऱ्हाईल, काढा म्हणाला तर निघंल. दुसऱ्या कुणाचं चालायचं न्हाई. कबूल?”

“हे तुमचं शेवटचं?”

“शेवटचं. अध्यक्षास्नी परत फोन लावू?”

“नको. माझंही मत तेच आहे.”

लीलाबाईंनी मजकूर पुन्हा एकदा वाचला. बाहेर मधली सुट्टी झाली होती, मैदानावर आरडाओरडा सुरू झाला होता. त्या मोबाइल घेऊन उठल्या. हंबीररावांनी हात पुढं केला. त्या हाताच्या शेजारून लीलाबाई बाकाकडं गेल्या आणि मोबाइल पिराजीच्या पुढं धरला.

“घाण तुमच्या सईच्या नावानं केलीय, तेव्हा तुम्हीच सांगा,” त्या म्हणाल्या. “क्रांती हंबीरराव खराडे. ठेवू की काढू?”